कारकुनाच्या खुर्चीत अर्धा तास

"सहा वर्षांत बाक तेवढा नवा आला, साहेब काही आला नाही," शेजारची बाई माझ्या कानाशी पुटपुटली.

मी तिला म्हटलं, आज बघाच. जवळची तारीख घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही!

कामगार न्यायालयातली आमची केस साधी. पट्टा तुटायच्या बेतात होता म्हणून आमच्या ह्यांनी न विचारता मशीन बंद केलं. कंपनीने ह्यांनाच बंद केलं. ह्यांना भरपाई नको. एक दिवस का होईना, ताठ मानेने त्या गेटातून कामावर जायचंय. पण इथल्या न्यायाधीशांची जागा रिकामी. दुसरीकडचे साहेब महिन्यातून एकदा येतात आणि दहाच केसेस ऐकतात.

कारकुनांच्या चार जागांवर एकच माणूस. त्यालाही दुसऱ्या दालनातून बोलावणं आलं. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाला, "ताई, तुमचं अक्षर चांगलंय. एका तारखेला दहा नावं, एवढंच. आलोच मी."

मी खुर्चीत बसले आणि पाच मिनिटांत रांग सुतासारखी सरळ केली. शिपायाने न सांगता चहा आणून ठेवला. कंपनीचे वकील लांबची तारीख मागायला आले, त्यांना नंबराने या म्हणून मागे धाडलं.

ह्यांचं नाव पहिलंच लिहिणार होते. पण सगळे बघत होते, आणि खुर्चीत बसलं की माणसाला नको तेव्हा लाज वाटते. ह्यांनाही रांगेत पाठवलं. हे जन्माचे सज्जन. काठीवाल्या आजोबांना पुढे सोडलं, कडेवर मूल असलेल्या बाईला सोडलं, मग तर चांगल्या धडधाकट माणसांनाही सोडत सुटले. मी हाताने खुणा करून थकले. ह्यांना वाटलं मला उकडतंय; त्यांनी पंखा लावला.

पुढच्या जुलैपर्यंतच्या सगळ्या तारखा मिळून विसेक जागा मोकळ्या होत्या. हे समोर आले तेव्हा त्या सगळ्या माझ्या सुवाच्य अक्षरात भरल्या होत्या.

"ऑगस्ट," मी म्हणाले.

वकिलांनी छताकडे पाहिलं. शिपायाने भरलेलाच कप उचलून नेला. परत आलेला कारकून उगाच फायली सारख्या करू लागला. ह्यांची जन्मतारीख केसच्या फायलीत आम्ही सगळ्यांनीच वाचली होती.

"लिही ऑगस्ट," हे म्हणाले. "मार्चमध्ये मला अठ्ठावन्न पूर्ण होतात. रिटायर माणसाला कामावर परत घेत नाहीत गं."