अर्ध्या इंचाची मोहीम, अर्थात मावशीसाहेबांनी कॉम्प्युटर कैसा उभा केला त्याची हकीकत

लिहिणे कारण ऐसे जे, थोर मोहिमांच्या हकीकती लिहिणारे बहुत जाहले. कोणी किल्ला घेतला, कोणी दर्या ओलांडला, त्यांची वर्णने कपाटे भरभरून पडली आहेत. परंतु पंचावन्न हजारांत गेमिंगचा कॉम्प्युटर उभा करणे हे कर्म त्यांपैकी एकाच्याही हातून घडले नाही, आणि ज्यांच्या हातून घडले त्यांची दखल कोणी घेतली नाही. सबब कपडे-दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीण, सुई, दोरा व कात्री यांच्या सरसेनापती, चेनदुरुस्त-बहाद्दर, अखंडितशिलाई श्रीमंत मावशीसाहेब यांनी सदरहू मोहीम कैसी काढिली, कोठे शिकस्त खादली आणि अखेर फत्ते कैसी केली, ते यथास्थित लिहितो. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे शोभेपुरते.

मावशीसाहेबांचे वय ते समयी एक्कावन्न. सोमवार ते शनिवार घराच्या पुढल्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करणे, कोटांची अस्तरे बदलणे आणि "पोट वाढलं नाही हो, धुतल्यावर आटली" ऐसे म्हणणाऱ्यांची कंबर मुकाट्याने सैल करून देणे, हा त्यांचा कारभार. परंतु रविवारी दुपारी चार वाजले की शिलाईचे मशीन भिंतीकडे सारावे, जुन्या कॉम्प्युटरवरचे फडके काढावे, कानांवर हेडफोन चढवावेत, आणि परगावी नोकरीस असलेले बहिणीचे चिरंजीव, राजश्री भाचेराव, यांच्या पाच जणांच्या फौजेत सामील होऊन इंटरनेटवरील युद्धात उत्तर दरवाजा राखावा, ऐसा दोन वर्षांचा शिरस्ता. भाचेराव एरवी फोनवर "हं", "बरं" आणि "जेवलो" याउपर चौथा शब्द खर्च करीत नसत. लढाईत मात्र दोन तास अखंड बोलत, रागावत, हसत, "मावशी, डावीकडे, डावीकडे गं!" म्हणून गळा काढीत, आणि मध्येच साहेब कैसा छळतो तेही सांगून टाकीत. मावशीसाहेबांना उत्तर दरवाजाचे फारसे सोयरसुतक नव्हते. त्या दोन तासांचे होते.

परंतु कॉम्प्युटर जुना, बारा वर्षांचा, श्वास लागलेला. एके रविवारी शत्रू दरवाजावर चालून आला आणि ऐन वेळी पडदा गोठला, तो अकरा सेकंद गोठला. तितक्या अवकाशात मावशीसाहेबांचा योद्धा तलवार उगारून पुतळ्यासारखा उभा, आणि शत्रू त्याच्याभोवती नाचून, फेर धरून, दरवाजा घेऊन गेला. मग फौजेत मावशीसाहेबांना "पुतळा" हा किताब पडला, आणि भाचेरावांचा हुकूम सुटला, तो ऐसा:

"मावशी, रागावू नकोस हं. पुढच्या रविवारपासून लीग सुरू होतेय. मशीन परत असं अडकलं तर तुझ्या जागी ऑफिसमधला एक जण घ्यावा लागेल. तू बघत बस ना. बघायलाही मजा येते."

"बघत बस" हे दोन शब्द काळजात घुसले. मावशीसाहेबांनी "बरं" म्हटले, हेडफोन काढला, आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटीला दुसऱ्या दिवशी इतक्या घट्ट टीप मारली की ती कंबर पुढे कोणाच्याने सैल होणार नाही.

मग खजिन्याची मोजदाद जाहली. एका हॉटेलच्या पडद्यांच्या शिलाईचे पंचावन्न हजार राखून ठेविले होते, त्यांजवर मोहीम काढावी ऐसे ठरले. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जुनेच नांदवावेत, बाकी सर्व नवे घ्यावे. भाचेरावांकडे फर्मान गेले की यादी धाडावी. भाचेरावांनी तासाभरात धाडली. बेरीज अडुसष्ट हजार. मावशीसाहेबांनी बेरीज पाहून चष्मा पुसला, पुन्हा पाहिली, तरी अडुसष्टच.

तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर मसलत बसली. मसलतीस यजमान हजर होते. हे कारखान्यात इलेक्ट्रिशियन, स्वभावाने सबुरीचे, आणि विजेच्या बाबतीत सख्ख्या भावावरही भरवसा न ठेवणारे. भाचेराव मोबाइलच्या पडद्यावर, साखरेच्या डब्याला टेकून विराजमान जाहले. भाचेरावांचे म्हणणे, निम्मे द्रव्य ग्राफिक्स कार्डावर घालावे, कारण चित्रे तेच काढते आणि गोठतेही त्याच्याचमुळे. यजमानांचे म्हणणे, कार्ड गेले खड्ड्यात, पॉवर सप्लाय उत्तम घ्यावा. वीज नीट पुरली नाही तर सगळ्यांचाच धूर. दोघांत बहुत वाग्युद्ध जाहले.

"काका, पॉवर सप्लायनं गेम चालत नाही."

"त्याच्याशिवाय चालवून दाखव. मी इथे बसतो."

"तू जरा गप्प बस, आणि तुम्हीही," ऐसा मावशीसाहेबांनी उभय पक्षांस समान हुकूम केला, आणि मापाच्या वहीचे मागले पान उघडून काटछाट हाती घेतली. प्रोसेसर एक पायरी खाली उतरविला. रॅम बत्तीसची सोळावर आणिली. पाण्याने थंड होणारा कूलर भाचेरावांनी "असावा" म्हणून लिहिला होता, त्यावर यजमान म्हणाले, "पाणी आणि वीज एका डब्यात? माझ्या घरात?" आणि तो तत्काळ हद्दपार जाहला. उत्तम पॉवर सप्लाय राहिला. निम्मे द्रव्य कार्डास दिधले.

शेवटी यादीत उरले रंगीत दिवे. हे पंख्यांत बसतात, लाल, निळे, जांभळे होतात, आणि लढाईत त्यांचा उपयोग काडीचा नाही. मावशीसाहेबांनी जन्मभर लोकांच्या कपड्यांना टिकल्या लाविल्या, स्वतः राखाडी आणि तपकिरी नेसल्या. त्यांना ते दिवे फार हवे होते, आणि ही गोष्ट त्यांनी कोणास सांगितली नाही. पेन्सिल त्या ओळीवर काही काळ थांबली, मग ओळीवरून गेली. बेरीज चोपन्न हजार आठशे जाहली.

शनिवारी दुपारी दुकान लौकर मिटून उभयतांची स्वारी कॉम्प्युटरच्या बाजारी दाखल जाहली. दुकानदार चुणचुणीत, चष्मा कपाळावर, जीभ तेल घातल्यासारखी. त्याने प्रथम काचेचे भले थोरले कॅबिनेट पुढे केले. कॅबिनेट म्हणजे ज्या लोखंडी पेटीत हा सर्व सरंजाम बसतो ती.

"मॅडम, हे घ्या. चारी बाजूंनी काच. आतलं सगळं दिसतं."

"आमच्या आतलं दाखवण्यासारखं काही नाही हो. लहान दाखवा. शिलाईच्या टेबलाखाली बसायला हवं."

मग त्याने लहान, काळी, पत्र्याची, स्वस्त ऐसी पेटी आणिली. ग्राफिक्स कार्डे दोन होती: एक आखूड, दोन पंख्यांचे; दुसरे लांब, तीन पंख्यांचे, बळाने अधिक आणि त्या दिवशी नेमके सवलतीत असल्याने किमतीने कमी. मावशीसाहेबांचे मन लांबावर बसले. दुकानदार येथे एक शब्द खरा बोलला, त्याची नोंद न्यायास्तव करणे प्राप्त आहे. तो म्हणाला, "मॅडम, खोक्यावर बघून घ्या, आत किती लांबीचं कार्ड मावतं ते लिहिलंय."

यावर मावशीसाहेबांनी त्याजकडे ऐसे पाहिले की कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर आला. "लिहिलेल्या मापावर मी आजवर कापड कापलेलं नाही," ऐसे बोलून त्यांनी पर्समधून टेप काढिली. गेल्या महिन्यात एकाने घरून माप लिहून आणिले होते, त्यात छातीपेक्षा मान मोठी होती. तैपासून तर कागदावरचा भरवसा पुरताच उडाला होता. कार्डास टेप लाविली, बारा इंच भरले. पेटीस बाहेरून, गिऱ्हाइकास लावावी तैसी, पाठीपासून छातीपर्यंत लाविली, साडेतेरा भरली.

"दीड इंच सैल राहतंय. ऐसपैस," मावशीसाहेब म्हणाल्या.

"खोक्यावर एकदा बघायचं का?" यजमान हळूच म्हणाले.

"तुम्ही तारा बघा. मापं मी बघते."

येणेप्रमाणे सर्व माल घेऊन, उघडलेला माल परत होणार नाही हे पावतीवरचे वाक्य न वाचता, स्वारी परत आली.

रविवारी सकाळी नऊ वाजता जोडणीस आरंभ जाहला. भाचेराव मोबाइलवरून मार्गदर्शन करीत. प्रोसेसर आपल्या चौकटीत सुईच्या टोकाइतक्या नेमाने बसला, मावशीसाहेबांचे हात पाहून भाचेराव म्हणाले, "मावशी, माझा पहिल्यांदा तिरपाच बसला होता ना!" रॅम कट् आवाज करून बसली. यजमानांनी तारा इतक्या सरळ ओढल्या आणि इतक्या नीट बांधल्या की कोणी पेटी उघडून नमस्कार करावा. मग साडेअकराच्या सुमारास ग्राफिक्स कार्ड हाती घेऊन मावशीसाहेब पेटीत शिरविण्यास गेल्या, आणि ते शिरेना. तिरपे केले, शिरेना. उलट बाजूने नेले, शिरेना. पेटीच्या आत, पुढल्या पत्र्याला, एक इंच जाडीचा पंखा बसविला होता. त्या पत्र्याच्या पुढे प्लॅस्टिकचा मुखवटा, त्यात आणखी एक इंच नुसती पोकळी. साडेतेरातून दोन गेले, साडेअकरा उरले. कार्ड बारा. अर्धा इंच.

तेव्हा यजमानांनी खोके उचलून पाहिले. बाजूस बारीक अक्षरांत लिहिले होते: दोनशे नव्वद मिलिमीटर. त्यांनी ते वाचिले, आणि खोके पालथे करून ठेविले. बावीस वर्षांच्या संसारात ते काही उगाच टिकले नव्हते.

"मावशी," भाचेराव म्हणाले, "आज दुकान बंद असेल. उद्या कॅबिनेट बदलून बघ. आज मी ऑफिसमधल्याला सांगतो. एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

मावशीसाहेब स्टुलावर बसल्या. एका दिवसाचा प्रश्न नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते. ऑफिसमधला तरुण असणार, त्याचे मशीन नवे असणार, तो आज चांगला खेळणार, आणि मग पुढल्या रविवारी भाचा म्हणणार की आता त्याला काढायचं कसं. त्यांनी कार्ड मांडीवर घेतले, आणि डोळ्यांत पाणी आले ते मानेचा घाम पुसतो आहोत ऐसे दाखवून पुसले.

"समोर भोक पाडू?" यजमानांनी विचारिले. "ड्रिल आहे माझ्याकडे." त्यांजकडे प्रेम व्यक्त करण्याची साधने मोजकीच होती.

"थांबा हो," मावशीसाहेब म्हणाल्या. पेटी त्यांनी उजेडाकडे वळविली, आणि बोटे आत घालून पुढला पत्रा चाचपला, जैसे एखाद्या कोटाचे अस्तर चाचपतात. मग एकाएकी ताठ बसल्या. "कोट अंगात बसत नसला तर आपण माणूस तासतो का? शिवण उसवतो. आत कापड दाबलेलं असतं, ते बाहेर काढतो. हा पंखा पत्र्याच्या आतल्या अंगाला कशाला हवा? बाहेरच्या अंगाला लावला तर? तिथे एक इंच नुसता हवाच खातोय."

पडद्यावरून भाचेराव म्हणाले, "असं... चालतं बहुतेक."

"बहुतेक काय, चालतंच. स्क्रूड्रायव्हर द्या हो."

मग रणधुमाळी माजली. मुखवटा ओढून काढिला, तो ऐसा आवाज करून निघाला की यजमानांनी डोळे मिटले. पंखा आतून सोडविला, पत्र्याच्या पुढे आणून, वारा आतच येईल ऐसा बसविला. परंतु मुखवट्यास आतून प्लॅस्टिकच्या चार फासळ्या, त्या पंख्यास अडू लागल्या. तेव्हा मावशीसाहेबांनी जाड पुठ्ठा कापण्याचा कटर काढून त्या फासळ्या एकेक करून कातरल्या, खडूने खूण करून, एक दोरा इकडे नाही, एक दोरा तिकडे नाही. मुखवटा परत बसला. मग कार्ड धरिले, आणि ते आत गेले. पुढे अर्धा इंच मोकळा उरला.

"शिलाईपुरता," मावशीसाहेब म्हणाल्या.

तीन वाजता बटण दाबिले. पंखे फिरले, पडदा उजळला, यजमानांनी पॉवर सप्लायपाशी नाक नेऊन वास घेतला आणि "काही नाही" ऐसा निकाल दिधला. गेम उतरवून घेण्यात पाऊण तास गेला, त्यात मावशीसाहेबांनी अखेर दुपारचे जेवण केले, तेही उभ्याने. चार वाजण्यास पाच मिनिटे असता त्या फौजेत हजर जाहल्या.

पहिली लढाई. शत्रू उत्तर दरवाजावर चालून आला. पडदा पाण्यासारखा वाहत होता, कोठे अडकले नाही, कोठे थबकले नाही, आणि मावशीसाहेब त्या आनंदात ऐशा काही उधळल्या की दरवाजा सोडून थेट शत्रूच्या छावणीत एकट्याच घुसल्या. तेथे त्यांचा तत्काळ निकाल लागला, मागे दरवाजा पडला आणि लढाई गेली.

"मावशी," भाचेरावांनी विचारिले, "हे मशीननं केलं की तू?"

मावशीसाहेबांना खोटे बोलता आले असते. नव्या मशीनवर खापर फोडणे सोपे होते.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "मशीन बिचारं नीट चालत होतं."

"मग ठीक आहे," भाचेराव म्हणाले. "चुका काय, सगळेच करतात. पण एकटी आत कशाला गेलीस गं? असं कोण जातं? नाही, खरंच सांग, काय विचार करून गेलीस?"

आणि पुढे दुसरी लढाई सुरू होईतो, लढाई चालली असता, ती जिंकिल्यावर, आणि बाकीचे तिघे खेळातून निघून गेल्यावरही अर्धा तास, भाचेरावांनी मावशीसाहेबांच्या चुका एकामागून एक, तपशीलवार, आवाज चढवून सांगितल्या. आणि मावशीसाहेबांनी त्या सर्वच्या सर्व, ज्या केल्या होत्या त्या आणि ज्या केल्या नव्हत्या त्याही, मोठ्या संतोषाने कबूल केल्या.

येणेप्रमाणे उत्तर दरवाजाची सुभेदारी मावशीसाहेबांकडे कायम जाहली. ऑफिसमधल्या इसमास बघत बसण्याचा हुकूम गेला. मोहीम पंचावन्न हजारांच्या आत, दोनशे शिल्लक राखून, एका आठवड्यात फत्ते जाहली, हे जाणिजे. शिक्का म्हणून खाली अंगठ्याला लागलेल्या खडूची खूण आहे.