व्हर्नन टिलरीच्या तीन उड्या

मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता व्हर्नन टिलरीने हॉलमध्ये आपल्याशिवाय कोणी नाही याची दोनदा खात्री करून घेतली, चष्मा काढून खुर्चीवर ठेवला, बूट काढले आणि उडी मारली.

वय वर्षं बासष्ट. वजन डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा वीस किलो जास्त. गळ्यात टाय. अशा माणसाने डेटन शहरातल्या बास्केटबॉल संघाच्या सरावाच्या हॉलमध्ये एकट्याने उडी का मारावी, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. काळी मऊ चटई समोर पसरलेली होती. तिच्यावर उभं राहून उडी मारली की पाय किती वर गेले ते ती इंचांत सांगायची. महिनाभर तो त्या चटईला शिव्या घालत होता. आज दोघंच होते.

व्हर्नन स्काउट होता. गावोगावच्या कॉलेजांत जाऊन तिथली पोरं खेळताना बघायची आणि जूनमधल्या ड्राफ्टला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीला, संघाने कोणाला उचलावं ते सांगायचं. सत्तावीस वर्षं तो हेच करत होता. त्यातली निम्मी मोटेलांत गेली. डेटनमध्ये त्याचं घर होतं, पण फ्रीजमध्ये मोहरीच्या चटणीची बाटली आणि दिव्याचे सेल एवढंच असायचं. बायको डार्लीन अकरा वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरबरोबर फिनिक्सला निघून गेली. जाताना म्हणाली होती, "व्हर्न, तू घरात असतोस तेव्हाही बाहेरगावी असल्यासारखाच असतोस." तो त्या वेळी कॅन्ससमधल्या एका पोराच्या डाव्या हाताचा विचार करत होता. "हं," म्हणाला होता.

चटईला जोडलेल्या यंत्राचा छोटा पडदा 'टिंग' वाजला. व्हर्ननने चष्मा लावून वाचलं.

'कोल्बी ड्रेशर. पहिला प्रयत्न. सव्वाचार इंच.'

कोल्बी ड्रेशर आज चाचणीला येणार होता. आयोवातल्या एका बारक्या कॉलेजचा पोरगा. त्याला सबंध देशात एकाच माणसाने हेरलं होतं, तो माणूस म्हणजे व्हर्नन. पोराचे हात म्हणजे काय सांगावं! मागे न बघता पास द्यायचा आणि तो बरोबर माणसाच्या तळव्यात जाऊन बसायचा. उडी मात्र बेताची. आणि आजच्या यादीत पहिलं नाव त्याचंच होतं.

पडद्यावर 'पुसा' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'दुसरा प्रयत्न?' एवढंच होतं. व्हर्ननने विचार केला, निदान आकडा तरी सुधारावा. सगळा जोर एकवटून त्याने पुन्हा उडी मारली. पावणेचार. आता त्याला राग आला. तिसऱ्या वेळी त्याने हात असे काही फेकले की टाय उलटून तोंडावर आला, गुडघ्यात काहीतरी 'कट्' झालं, आणि पडदा म्हणाला, 'साडेतीन. तीन प्रयत्न पूर्ण. अहवाल पाठवला आहे. धन्यवाद.'

तो बूट घालतच होता तेवढ्यात इमानी व्हिटलॉक आत आली. हातात कॉफी, कानाला फोन. इमानी अठ्ठावीस वर्षांची, गणितातली डॉक्टर, आणि चटई तिची. तिचं आणि व्हर्ननचं गेली दोन वर्षं एकच भांडण चालू होतं. ती म्हणायची, चेंडू झेलायला शिकवता येतं, उंच उडायला नाही. तो म्हणायचा, उंच उडणारी पोरं दर बुधवारी गाडाभर मिळतात, खेळ कळणारा वर्षातून एक. दोघंही समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत नसत.

"ग्लेनचा फोन आहे," ती म्हणाली आणि तिने आवाज मोठा केला.

ग्लेन हॅकेट संघाचा मॅनेजर. शेवटचा शब्द त्याचा.

"व्हर्न!" फोनमधून तो ओरडला. "हा तुझा ड्रेशर! सरासरी चार इंच? अरे, माझी आई याच्याहून उंच उडते, आणि तिचा खुबा बदललाय!"

"सकाळची वेळ आहे. अंग आखडलेलं असतं," व्हर्नन म्हणाला.

"तो आलाय का?" इमानीने इकडेतिकडे बघितलं. "मला तर दिसला नाही."

"आला होता. उड्या मारल्या. नाश्त्याला गेला."

हे खोटं तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच त्याला कळलं की हे लांबणार. पण खरं सांगायचं तर सांगायचं काय? की मी, उडीला नावं ठेवणारा टिलरी, सकाळी मोजे घालून उड्या मारत होतो?

इमानीने फोन ठेवला आणि चटईकडे संशयाने पाहिलं. "कॉलेजात त्याची उडी बावीस इंच नोंदली आहे. इथे चार. अठरा इंचांचा फरक पडत नाही हो माणसात. मशीन कमी दाखवतंय."

"बिघडलंच असेल," व्हर्नन उत्साहाने म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"निम्मी चूक मशीनची धरते, निम्मी झोपेची. नऊ इंच मिळवू या." तिने दोन-तीन बटणं दाबली. व्हर्ननने मान डोलावली. इतक्या आपुलकीने ती दोघं यापूर्वी कधी बोलली नव्हती.

नऊ वाजता ट्रेमेन ओगल्सबी आला. एकोणीस वर्षांचा, सहा फूट नऊ इंच, चालतानाही जमिनीला फारसा न लागणारा. त्याच्याबद्दल व्हर्ननच्या अहवालात एकच ओळ होती : 'उडी आहे. बाकी काही नाही.' आणि ते खोटं नव्हतं. ट्रेमेनकडे चेंडू टाकला की तो छातीवर आपटून परत यायचा, दारावर आलेल्या विक्रेत्यासारखा.

ट्रेमेनने चटईवर उडी मारली. 'टिंग. एक्कावन्न.'

इमानीच्या हातातली कॉफी कलंडली. तिने ग्लेनला फोन केला आणि ग्लेनने "एक्कावन्न!" अशी जी आरोळी ठोकली ती त्याच्या कचेरीच्या मजल्यावर सगळ्यांनी ऐकली. त्यांपैकी एकाचा मेहुणा रेडिओवर खेळाच्या बातम्या द्यायचा. साडेनऊला बातमी लागली. दहाला तीन संघांचे फोन आले. सव्वादहाला ग्लेन स्वतः, सगळ्या बैठका रद्द करून, धापा टाकत हॉलमध्ये हजर झाला.

आणि त्याच्या पाठोपाठ खांद्यावर पिशवी अडकवून कोल्बी ड्रेशर.

"माफ करा, बस इंडियानापोलिसला बंद पडली," तो म्हणाला. "आत्ता उतरतोय."

इमानीने व्हर्ननकडे पाहिलं. व्हर्ननने छताकडे पाहिलं.

"आता आलाच आहेस तर मार उडी," ग्लेन म्हणाला. कोल्बीने मारली. 'एकतीस.'

"वा! व्हर्न, पोरगा उडतो की!" ग्लेनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग हात-बित बघायची गरजच काय? घेऊन टाकू!"

सत्तावीस वर्षांत व्हर्ननच्या पोराला इतक्या पटकन कोणी पसंत केलं नव्हतं. गप्प बसलं की झालं. पण कोल्बी आकड्याकडे बघत कपाळाला आठ्या घालून उभा होता.

"सर, हे चुकलंय," तो म्हणाला. "मी जन्मात बावीसच्या वर गेलेलो नाही."

"मग सकाळी उड्या मारल्या कोणी?" इमानीने विचारलं. ती पडद्याशी गेली. "थांबा. प्रत्येक प्रयत्नाचं चित्रण होतं यात."

"मी," व्हर्नन म्हणाला.

"तू काय?" ग्लेन म्हणाला.

"उड्या. त्या मीच मारल्या."

खरं तर एवढ्यावर भागायला हवं होतं. पण ग्लेन म्हणाला, "लाव, लाव!" आणि इमानीने ते लावलं.

पडद्यावर एक जाडा माणूस दिसला. त्याने मान वळवून आजूबाजूला पाहिलं, पोरं चोरून बिस्किटं घेताना बघतात तसं. मग तो खाली बसला आणि उडाला, म्हणजे उडाला असं समजायचं. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी टाय तोंडावर आला आणि ग्लेन हसून हसून बाकावर कोसळला. कोल्बीने ओठ चावले. ट्रेमेनने तोंडावर टॉवेल दाबला. व्हर्नन दुखऱ्या गुडघ्यावरचा भार काढून उभा राहिला आणि त्यानेही हसायचा प्रयत्न केला.

इमानी तेवढी हसली नाही. तिने चित्रण मागे नेलं, अगदी हळू करून पुन्हा लावलं.

"पाय बघा," ती म्हणाली. "दोन्ही पावलं समांतर, टाचा सगळ्यात शेवटी सुटतायत. हात कमरेमागून येतायत. हे आपोआप येत नाही कोणाला. व्हर्न, तुम्ही किती उडायचात?"

व्हर्ननने खूप वेळ चष्मा पुसला.

"एक्केचाळीस."

"काय?" ग्लेनचं हसू थांबलं.

"मलाही घेतलं होतं ड्राफ्टमध्ये. त्र्याऐंशी साली, सातव्या फेरीत. अकरा दिवस होतो संघात. मला झेलता येत नव्हतं. कोणी शिकवलंच नव्हतं. लहानपणापासून सगळे म्हणायचे, उडून दाखव. मग घरी पाठवलं. त्याच हिवाळ्यात गुडघा गेला."

"कारण काय लिहिलं होतं?" इमानीने विचारलं.

"'उडी आहे. बाकी काही नाही.'"

तो हे बोलला आणि मग त्याच्या लक्षात आलं की ट्रेमेन टॉवेल खाली घेऊन त्याच्याकडेच बघतोय. आपल्यावर काय लिहिलंय ते ट्रेमेनने वाचलेलं नव्हतं. पण असं काहीतरी लिहिलेलं असणार, हे त्याला माहीत असल्यासारखं दिसत होतं.

कोल्बी हळूच म्हणाला, "मिस्टर टिलरी, मग माझ्या हातांचं जे म्हणालात ते खरं? की मला उडता येत नाही म्हणून मी आवडलो?"

"तुझे हात चांगलेच आहेत, बाळा," व्हर्नन म्हणाला. चष्मा लावून पुढे म्हणाला, "पण दुसरंही थोडं असेल."

दुपारी इमानीने ते नऊ इंच काढून टाकले. ट्रेमेनची उडी बेचाळीसवर आली. जेवणानंतर बाकीचे गेले, तेव्हा व्हर्ननने गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधली, खुर्ची ओढून बसला आणि ट्रेमेनला म्हणाला, "तिथे उभा राहा. हात छातीपुढे. बोटं वर. चेंडूकडे झेप घेऊ नकोस, येऊ दे त्याला."

पहिले वीस चेंडू हॉलभर सांडले. आणायला इमानी धावत होती. आपण का थांबलो आहोत ते तिने सांगितलं नाही.

"मला कोणी पास देतच नाही," ट्रेमेन म्हणाला. "चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून. सगळे वर रिंगजवळ टाकतात आणि म्हणतात, जा, आपट."

"एकटं वाटतं ना तिथं वर?"

ट्रेमेनने मान डोलावली. त्यानंतर त्याने लागोपाठ तीन झेलले. चौथा नाकावर घेतला.

व्हर्ननने ट्रेमेनवर नवा अहवाल लिहिला, सहा पानी. ड्राफ्टच्या आधीच्या बैठकीत त्याने तो वाचून दाखवला. इमानीने तिच्या परीने कोल्बीच्या पासांचा हिशेब मांडून चार पानं लिहिली होती. दोघांच्या बाजू अशा उलट्या झालेल्या बघून ग्लेनने डोकं धरलं. "तुम्ही दोघं मला वेड लावणार. आपल्याकडे निवडीची पाळी एकच आहे, अडतिसावी." शेवटी ठरलं ट्रेमेनचं. त्याला झेलायला व्हर्नन शिकवणार, आणि त्यासाठी वर्षभर डेटनमध्येच राहणार. त्या शनिवारी व्हर्ननने आठ वर्षांनी दूध, अंडी आणि दोन पातेली विकत घेतली.

पण एक्कावन्न इंचांची बातमी तोवर देशभर फिरली होती. ती चुकीची आहे हे डेटनने सगळ्यांना कळवलं, त्यामुळे ती खरी असणार असं सगळ्यांना वाटलं. पोर्टलंडच्या संघाने ट्रेमेनला बोलावून स्वतः मोजलं तेव्हा बेचाळीस भरले. त्यांनी आपसांत ठरवलं की डेटनवाल्यांनी पोराला उडी लपवायला शिकवलंय. त्यांनी त्याला विसाव्या पाळीलाच उचललं. अडतिसाव्याला डेटनने कोल्बी ड्रेशरला घेतलं.

"झालं ना तुझ्या मनासारखं!" ग्लेनने व्हर्ननला मिठी मारली. सगळ्यांनी हात मिळवले. कोल्बीच्या आईने आयोवाहून फोन करून रडत आभार मानले. व्हर्नन सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिला. कोल्बीला झेलायला शिकवायची गरज नव्हती. ऑक्टोबरमध्ये व्हर्नन पुन्हा रस्त्याला लागला.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी तो विचिटाजवळच्या मोटेलात दाढी करत असताना फोन वाजला.

"मिस्टर टिलरी? मी ट्रेमेन. पोर्टलंडहून."

"कसा आहेस?"

"बरा आहे. हॉटेलात आहे. इथे कोणी बोलत नाही फारसं. काल पुन्हा तीन सुटले हातातून. मगाशी भिंतीवर चेंडू मारून बघत होतो. हात किती अंतरावर ठेवायचे म्हणालात?"

व्हर्ननने फोन आरशाखाली उभा करून ठेवला आणि खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला, एका गालाला साबण तसाच. पोराला काही दिसणार नव्हतं, पण दाखवल्याशिवाय त्याला सांगता येईना.

"दोन्ही अंगठे जवळ. हे असे. कोपर सैल. नजर शेवटपर्यंत चेंडूवर. मार भिंतीवर. मी आहे, फोन ठेवत नाही. हं, आला... येऊ दे... घे!"

दार वाजलं आणि कोणी उत्तर द्यायच्या आत खोल्या साफ करणारी बाई आत आली. तोंडाला साबण लावलेला एक म्हातारा रिकाम्या खोलीत दोन्ही हात पुढे करून, बोटं पसरून, श्वास रोखून उभा होता. मोटेलात काम करून तिची पंधरा वर्षं झाली होती. तिने काही विचारलं नाही. तिने हातातले चार धुतलेले टॉवेल त्याच्या हातांवर ठेवले आणि दार ओढून घेत निघून गेली.

"झेलला!" फोनमधून ट्रेमेन ओरडला.

"मी पण," व्हर्नन म्हणाला.