श्रीमती कृष्णाताई, खोली नंबर सहा

कुठलंही पुस्तक समोर ठेवा, पाच मिनिटांत त्याचा वर्ग सांगतो! माझी डॉक्टरेटच ग्रंथांच्या वर्गीकरणावर. ज्या पुस्तकाला जागा नाही त्याच्यासाठी नवी जागा करायची, हा माझा सिद्धांत. तो मी स्वतःवर चालवला आणि तोंडघशी पडलो.

साल १९६४. बंगळूरच्या एका संस्थेत माहितीशास्त्राची जागा निघाली. डॉक्टरेट झालेल्यांसाठी, सकाळी संशोधन, दुपारी शिकवणं. शिवाय राहायला घर! मला खरी गरज घराचीच होती. माझी बायको गंगव्वा जाऊन दहा महिने झाले होते. आठ वर्षांची ठकू बंगळूरजवळच्या आनेकलला माझ्या अक्काकडे, मी बेळगावात एका लॉजवर. पोरीच्या प्रत्येक पत्रात एकच ओळ, "अप्पा, न्यायला कधी येतोस?"

अर्जात छापलं होतं: विवाहित / अविवाहित, लागू नसेल ते खोडा. 'अविवाहित' लगेच खोडलं. 'विवाहित' खोडायला अर्धा तास लागला. मग बाजूला इंग्रजीत लिहिलं, 'विडोअर, एक मुलगी'. विधुरासाठी झाली नवी जागा!

निवड प्रबंध वाचूनच झाली. आदेशात 'मुलीसह राहण्याची सोय' एवढंच मी वाचलं, आणि ट्रंक बांधली. वाचनावर पोट असलेला माणूस मी!

ठकूला घेऊन बंगळूरच्या हेब्बाळ भागात उतरलो. आदेशातल्या इमारतीच्या दारात मेट्रन यल्लव्वा उभ्या होत्या.

"कोण पाहिजे?"

"खोली नंबर सहा. आम्ही राहायला आलोय."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि मुलगी."

"अय्यो! हे बायकांचं वसतिगृह आहे! आमच्या कृष्णाताई कुठायत?"

"कोण कृष्णाताई?"

"विधवा बाई. लई शिकलेल्या. आज येणार आहेत."

"अहो, मी कृष्णात!"

यल्लव्वांनी माझ्या मिशांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

हेडक्लार्क सुब्बाराव कचेरीत मजेत बसले होते. "तुम्ही 'विडो' या शब्दाला शेवटी दोन अक्षरं जास्त लावली होती. मी काढून टाकली! आणि विधवा म्हटल्यावर 'कृष्णात' कसं असेल? पुढचं 'आई' तुम्ही विसरलात, ते मी लावलं."

"सुब्बाराव, मी पुरुष आहे!"

"ते आता दिसतंय. पण दुरुस्ती समितीच करणार. समिती पुढच्या महिन्यात."

संचालकांनी आदेश दोनदा वाचला. "मुलगी आदेशात आहे, तिला खोली मिळेल. तुम्ही आदेशात नाही."

ठकू आत गेली. मी पहारेकरी देवाप्पाच्या खोलीत पथारी टाकली. मुलीला भेटायची वेळ रविवारी चार ते पाच, व्हरांड्यात. वहीत सही. 'कोणाला भेटायचे' या रकान्याशी मनात गंगव्वाचं नाव यायचं, लिहायचो मात्र ठकूचं. खोली सहाच्या दारावर पाटी मात्र तशीच: श्रीमती कृष्णाताई. ठकूच्या नव्या शाळेत बातमी पसरली होती की हिची आई इथे शिकवते. ठकूने ती खोडून काढली नव्हती.

मी समितीला पाच पत्रं पाठवली. पाचवं इतकं कडक होतं की सुब्बाराव म्हणाले, "सरी, सरी! बरं, उद्याच समितीकडून करून घेतो."

आणि केलं की! दोन खोल्यांचं घर, नावात मिशा परत, किल्ली हातात. मी पळतच वसतिगृहावर गेलो. रविवार नव्हता, तरी यल्लव्वांनी बसल्या जागेवरूनच मानेने आत बोलावलं. त्या पायरीवर बसल्या होत्या. पुढे ठकू, डोळे मिटून. यल्लव्वा तिच्या दोन वेण्या घालत होत्या. आई गेल्यापासून पोरीचं डोकं इतकं शांत मी पाहिलं नव्हतं.

"ठकू, चल. घर मिळालं!"

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं.

"अप्पा, स्वल्प थांबशील?"

"किती?"

"तुला वेणी घालता येईपर्यंत."

यल्लव्वांचे हात थांबले. मी किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सुब्बारावांपुढे सहावं पत्र ठेवलं. जुना चुकीचाच आदेश आणखी एक महिना चालू ठेवावा, ही विनंती.

सुब्बारावांनी चष्मा वर केला. "डॉक्टर, कारण काय लिहू?"

"लिहा, प्रशिक्षण चालू आहे."