जाळीची निगा

आग ही लागल्यावर पाण्याने आणि लागण्याआधी कागदाने विझवायची असते, हे सर्व सुधारलेल्या समाजांचं तत्त्व आहे. त्यातही कागदाचा उपाय बरा. पाणी आपल्याकडे चैत्रानंतर मिळेलच असं नाही, कागद बारमाही असतो.

मोहनराव हे तत्त्व वाफेच्या इंजिनावर शिकले. गेवराई तालुक्यात, उमापूरपासून थोडी आत एक वाडी आहे. तिथले हे मोहनराव, वय बहात्तर. ज्या वाडीने दारात रेल्वे कधी पाहिली नाही, तिथले ते एकमेव रेल्वेवाले. तरुणपणी ते फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकत. (वाडीत याचं भाषांतर 'रेल्वेत मोठे साहेब' असं झालं. मोहनरावांना ते दुरुस्त करायला चाळीस वर्षांत वेळ मिळाला नाही.)

वाफेचं इंजिन म्हणजे रुळांवरून पळणारं चुलवाणच. काम संपलेली वाफ धुराड्यातून फुसकारे टाकत बाहेर पडते आणि पडताना भट्टीतला जाळ ओढून घेते. जाळाबरोबर निखारेही निघतात. रुळाकडेला वाळलं गवत, त्यापलीकडे कुणाची तरी उभी ज्वारी. यावर इंजिन आखणाऱ्यांनी फार खोल विचार केला होता. भट्टीत विटांची कमान घातली. निखाऱ्याला तिला वळसा घालून जावं लागे आणि वाटेतच तो बराचसा जळून जाई. पुढे धुराच्या पेटीत आडवा पत्रा ठेवला; निखारा त्यावर आपटून खाली बसे. त्याच्यावर तारेची जाळी, तिची भोकं एवढी की ज्वारीचा दाणा जाईल पण हरभरा अडेल. खाली राखेचं खोकं, त्याला झडपा, वरून पाण्याचा फवारा. आणि एवढं करूनही रुळाच्या दोन्ही बाजूंचं गवत गँगमन कापून ठेवत, कारण हे सगळं बनवणाऱ्यांचा त्यावर पुरता भरवसा नव्हता. मोहनरावांच्या मते यंत्राचा सगळ्यात शास्त्रीय भाग हाच.

अडचण एकच होती. जाळीत राख साचली की ओढ कमी होई. ओढ कमी झाली की जाळ मंद, जाळ मंद की वाफ अपुरी, आणि मग गाडी चढावर उभी राही. गाडी उभी राहिली की ड्रायव्हर फायरमनच्या आईवडिलांपासून सुरुवात करी. म्हणून प्रत्येक इंजिनावर नकाशात न दाखवलेला आणखी एक भाग असे: सहा फूट लांब लोखंडी सळई. गाडी सुटण्याआधी फायरमन ती सळई जाळीतून चार ठिकाणी आरपार घाली आणि इंजिन मोकळा श्वास घेई. मोहनरावांनी हे काम नऊ वर्षं मन लावून केलं. (कुठल्या शेडमध्ये, हे सांगण्यात अर्थ नाही. आता तिथे गवत आहे.) मग रजिस्टरात ते स्वच्छ अक्षरात लिहीत, 'जाळी सुस्थितीत.' कुठे काही पेटलं असेल तर ते मागे पेटलं. फायरमनने पुढे बघायचं असतं.

असा अनुभवी माणूस हाताशी असताना वाडीला समिती स्थापन करावी लागली, यात नवल नाही.

झालं असं की अमरसिंहांनी आपल्या मळ्यात गुऱ्हाळ घातलं. अमरसिंह हे वाडीचे पुढारी, जमीन बरीच, पुढच्या निवडणुकीत उभे राहण्याची तयारी त्याहून जास्त. गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाची वाळली चिपाडं जळतात आणि धुराड्यातून चांदण्यासारख्या ठिणग्या उडतात. धुराड्यापासून अठरा पावलांवर छबुबाईंची कडब्याची गंजी. छबुबाईंच्या चार म्हशी, दूध गेवराईला जातं, आणि पावसाळा लागेपर्यंत त्या म्हशींचं सगळं खाणं त्या एका गंजीत. अकराशे पेंढ्या. पहिल्याच आठवड्यात गंजीचा एक कोपरा धुमसला. छबुबाईंनी हंडाभर पाणी टाकून तो विझवला आणि तशीच ओली पेंढी डोक्यावर घेऊन अमरसिंहांच्या ओट्यावर नेऊन टाकली.

तिथेच 'ठिणगी प्रतिबंधक व दक्षता समिती' जन्माला आली. अध्यक्ष मोहनराव, चिटणीस किराणा दुकानदार मन्मथप्पा (त्यांच्याकडे कपाट होतं), बाकी पाच सभासद सह्या करता येतात म्हणून. मोहनरावांनी पहिल्या बैठकीत दीड तास विटांची कमान समजावून सांगितली. शेवटी ठरलं की कमान आणि पत्रा पुढच्या हंगामात, तूर्त जाळी. गेवराईच्या वेल्डरकडून मोहनरावांनी स्वतः उभं राहून ती करून घेतली. ज्वारी जाई, हरभरा अडे. सर्वांसमक्ष दाणे टाकून खात्री करण्यात आली.

जाळी धुराड्यावर बसली आणि अडीच दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी गूळ शिजवणारे हरिबा काकुळतीला येऊन मोहनरावांकडे आले.

"तात्या, चुलवाण दम धरंना. काहिलीतला पाक नुस्ता बसून ऱ्हायलाय. काल लई वेळ ढवळत बसलतो, गूळ काळा पडला. मालक माझं नाव घ्यायलेत."

मोहनरावांना उत्तर पाठ होतं. उजव्या हाताला तर तोंडाआधी आठवलं. पण आपण आता फायरमन नसून अध्यक्ष आहोत, याचं भान त्यांना होतं. सळईने भोकं पाडणं म्हणजे समितीच्या मालमत्तेचं नुकसान. त्यांनी अधिक जबाबदार मार्ग काढला. उष्णतेने जाळी खराब होऊ नये म्हणून ती उतरवून मन्मथप्पांच्या कपाटात ठेवावी आणि दर सोमवारी तिची तपासणी व्हावी, असा ठराव एकमताने संमत झाला.

तपासणीत कधी ढिलाई झाली नाही. सोमवारी सकाळी कपाट उघडत, मोहनराव चष्मा लावून एकेक भोक पाहत, मन्मथप्पा फडक्याने तेलाचा हात फिरवत, चहा येई. रजिस्टरात नोंद होई, 'जाळी सुस्थितीत.' सात आठवड्यांत त्या जाळीतून एकही ठिणगी बाहेर पडली नाही. (एवढी निगा तर रेल्वेनेही कधी राखली नव्हती, असं मोहनराव म्हणत. खरं होतं.)

मग एका सोमवारी ते दुकानातून बाहेर पडत असताना छबुबाई समोर आल्या. गंजी आपल्या रानाच्या पार खालच्या टोकाला हलवायचा त्यांचा बेत होता. बैलगाडी आणि चार माणसं, दोन दिवसांचं काम. विचारून घ्यावं म्हणून त्या आल्या होत्या.

"भाऊ, आता वारं सुटायलंय. गंजी हलवू का ऱ्हाऊ देऊ? तुमी म्हणताल तसं."

मोहनरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. गंजी हलली असती तर चारचौघांत समितीवर अविश्वास दिसला असता. शिवाय 'तुमी म्हणताल तसं' हे वाक्य त्यांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. घरी तर नाहीच.

"कावून हलवता?" ते म्हणाले. "जाळी सुस्थितीत हाय. आत्ताच बघून आलो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. छबुबाईंनी मान डोलावली आणि त्या धारा काढायला गेल्या. बैलगाडी सांगितली नाही.

गुरुवारी भर दुपारी गंजी पेटली. वाडी धावली, हंडे धावले, अमरसिंहांचा पाण्याचा टँकरही आला, पण कडबा कुणासाठी थांबत नाही. पाऊण तासात गंजीचं नुसतं काळं रिंगण उरलं. म्हशी दावणीला उभ्या राहून बघत होत्या. मोहनरावही बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मागे पेटलेलं समोरून दिसत होतं.

शनिवारी चौकशीची बैठक भरली. कपाट उघडून जाळी टेबलावर ठेवण्यात आली. एकही तार तुटलेली नव्हती, काजळीचा कण नव्हता. यावरून आग धुराड्यातून लागणं शक्य नाही, असं अमरसिंहांनी सुचवलं आणि सभासदांना ते पटलं. गंजी वाऱ्याच्या दिशेला रचणं हा गंजीवाल्यांचा निष्काळजीपणा, अशी एक ओळ मन्मथप्पांनी मसुद्यात घातली. मग रीतीप्रमाणे छबुबाईंना विचारलं, काही म्हणणं आहे का.

"जाळी तर मी कवा बघितलीच न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "मी भाऊंकडं बघितलतं."

चहा आला होता तो तसाच निवला.

अहवाल अध्यक्षांनी लिहायचा होता. मोहनराव घरी गेले, आधी आपल्या गोठ्यातला निम्मा कडबा गाडीत भरून छबुबाईंकडे पाठवला (त्यांनी तो उतरवून घेतला, निरोप दिला नाही), आणि मग लिहायला बसले. पहिली तीन पानं विटांच्या कमानीवर गेली, सवय लवकर सुटत नाही. चौथ्या पानावर त्यांनी एकच वाक्य लिहिलं: गंजी पेटली तेव्हा जाळी कपाटात होती. खाली, ती कपाटात असल्याचं ज्यांना आधीपासून ठाऊक होतं त्यांची यादी. पहिलं नाव स्वतःचं. मग हरिबा, मन्मथप्पा, अमरसिंह, पाच सभासद.

सोमवारी अमरसिंहांनी ते पान उभ्याउभ्याच वाचलं. "तात्या, येवढी नावं लिवायची काय गरज हाय?"

"यादी पुरी झाली न्हाई आजून," मोहनराव म्हणाले.

खरोखरच झालेली नाही. शेवटची ओळ मोकळी सोडली आहे. मोहनराव छबुबाईंना 'कावून हलवता' म्हणाले, तेव्हा जाळी कुठे आहे हे आपल्यालाही ठाऊक होतं, आणि आपण मजेत पुढे वाचत होतात. नाव स्वच्छ अक्षरात लिहावं. हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी.