अज्ञानाचे हमीपत्र

माणसाने काय खावे हा प्रश्न कुणाच्याही तोंडी सोडण्याइतका क्षुल्लक नाही. म्हणूनच क्वीन्सलँडमधल्या आमच्या जिल्ह्यात पोषण-सल्ला नियमन कक्ष स्थापन झाला आणि मी तिथे कारकून म्हणून चिकटलो.

नियम सोपा होता. जाणकार म्हणून सल्ला देणाऱ्याने तो एकवीस दिवस आधी मंजूर करून घ्यावा. ‘मी तज्ज्ञ नाही, हा फक्त माझा अनुभव’ असे हमीपत्र देणाऱ्यास पूर्ण सूट. पहिल्याच आठवड्यात चारशे बारा इन्फ्लुएन्सरांनी आपल्याला काही कळत नसल्याचे लेखी दिले. (इतका प्रामाणिकपणा मी सरकारी नोकरीत पाहिला नव्हता.) नियमनाखाली उरल्या एकट्या मॉरीन पॅस्को, दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ. कक्षाचे सहाही कर्मचारी त्यांच्या मागे लागले.

एका शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर, तिथे दर शनिवारी लागणाऱ्या सॉसेजच्या ठेल्यापुढच्या रांगेत, मॉरीनबाईंना त्यांचा मधुमेहाचा पेशंट नेव्हिल ट्रास्क भेटला. त्याने गोळ्या सोडल्या होत्या. टिआर्ना लॉकयर नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीचा व्हिडिओ बहिणीने, ग्लेनिसने, त्याला पाठवला होता: सकाळी बाभळीच्या बियांचे पाणी प्या आणि शरीर सांगेल ते करा.

“माझं शरीर म्हणालं, गोळी नको,” नेव्हिल म्हणाला.

“नेव्ह, तुझं शरीर तीस वर्षं बिअर मागतंय. त्याचं काय ऐकतोस, मेल्या? गोळी घे!”

मागेच आमचे निरीक्षक उभे होते (दोन सॉसेज, कांदा जास्त). सल्ला पूर्वमंजुरीविना, शिवाय चढ्या आवाजात. बाईंचा परवाना तीन महिने निलंबित झाला. आदेश मीच टाइप केला. लाज वाटली, पण टायपिंगमध्ये चूक झाली नाही.

“बघितलंस?” नेव्हिल ग्लेनिसला म्हणाला. “बाईच बोगस निघाली!”

निलंबनाच्या सातव्या आठवड्यात नेव्हिलच्या डाव्या पायाची दोन बोटे कापावी लागली.

चौकशी कसून झाली. टिआर्नाचे हमीपत्र चोख होते. ग्लेनिस रडत म्हणाली, “अहो, मी कुठं काय सांगितलं? आलं तसं पुढं पाठवलं. भाऊ आहे माझा!” तिचेही खरेच होते. अहवालात निष्कर्ष नोंदला गेला की नेव्हिलला कुणीही चुकीचा सल्ला दिलेला नाही. एकच सल्ला दिला गेला, तो बरोबर होता आणि बेकायदा होता.

तुम्ही निर्धास्त राहा. आज सकाळी घरच्या ग्रुपवर तुम्ही जे पुढे ढकललेत, त्याला आमच्या व्याख्येत सल्ला म्हणत नाहीत. मावशींनी गोळी सोडली का, तेवढे फक्त फोन करून विचारा.