अण्णांच्या गिरणीतला बँड

गाणं ऐकताना लोक मान डोलावतात. आमचे अण्णा होनराव चिमटीत पीठ धरल्यासारखी बोटं चोळतात. मग निकाल देतात, "जाडसर झालंय. पुन्हा दळा!"

अण्णांची बिबवेवाडीत पिठाची गिरणी आहे. चार आयटीवाली पोरं रॉक बँड काढून बसली आणि तीन सोसायट्यांनी त्यांना हाकललं, तेव्हा अण्णांनी गिरणीमागची खोली दिली. म्हणाले, "माझ्या आवाजात तुमचा आवाज कोणाला ऐकू येणार?" पोरांनी कृतज्ञतेने बँडचं नाव ठेवलं 'घरघंटी'. अण्णा आठवडाभर बोलले नाहीत. घरोघरी आलेल्या त्या यंत्रानेच त्यांचं निम्मं गिऱ्हाईक पळवलं होतं.

पण बँड चालला. असा चालला, की स्वारगेटच्या रिक्षांपासून गणपती मंडळांपर्यंत त्यांचंच गाणं. तिकिटं अर्ध्या तासात संपू लागली. अण्णा गिरणीत बँडचा काळा टी-शर्ट घालून उभे राहत. दुपारपर्यंत तो पांढरा होई. ज्वारी घेऊन आलेल्या जोशीकाकूंनाही त्यांनी एक टी-शर्ट खपवला.

"अहो, मी कुठे घालू हा?" काकू म्हणाल्या.

"भाकऱ्या करताना घाला. ताल चांगला आहे."

ड्रमवाली ऋता सांगायची, की नवं गाणं आधी अण्णांना ऐकवल्याशिवाय कुठेच वाजवत नाही. एका गाण्याला अण्णा म्हणाले होते, "ही भाजणी आहे. घरात होतं ते सगळं घातलंय." ते गाणं रद्द झालं.

मग एका कंपनीने बँडला कोथरूडमध्ये मोठा स्टुडिओ दिला. चौघं पडलेल्या चेहऱ्याने सांगायला आली. अण्णांनीच दटावलं, "जा की! इथे पीठ उडतं, गळे बसतील." गिटार स्वतःच्या पंच्याने पुसून दिली. आम्हाला वाटलं, म्हातारा गोंगाटातून सुटला एकदाचा.

परवा संध्याकाळी मी गहू घेऊन गेलो. गिरणी धडधडत होती, पण आत दाणा नव्हता. रिकामी चालवली की दगडावर दगड घासून झिजतो, हे मला अण्णांनीच शिकवलेलं.

"अण्णा, रिकामीच चालू आहे."

"माहितेय." त्यांनी बटण बंद केलं. पट्टा थांबला. मागच्या खोलीतून काहीच ऐकू आलं नाही. घरी अण्णांना दुसरं कोणी नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

"ऐकलंत?" अण्णा म्हणाले. "हे नको असतं मला."

मी डबा पुढे केला. दहा किलो गहू होता. आणखी आणायला हवा होता.