साळिंदरकाकूंचं गच्चीव्रत

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा स्लॅबची घरं जास्त झाली होती. वाघाच्या गुहेवरही गच्ची होती. चैत्र लागला की गच्च्या तव्यासारख्या तापत. मग सगळे एसी लावत. एसी बाहेर गरम हवा फेकी, की शेजारी त्याहून मोठा एसी घेई.

साळिंदरकाकूंकडे एसी नव्हता. सासूबाई वरच्या खोलीत झोपायच्या. गेले दोन उन्हाळे दुपारी त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

काकूंना पूजेला दूर्वा मिळेनात, कारण अंगणात फरशी. म्हणून त्यांनी गच्चीवर ताडपत्री अंथरली, पाणी जायला वाट ठेवली आणि वीतभर माती घातली. दूर्वा आल्या, आघाडा आला, माका आला. आणि काय नवल! गच्चीखालची खोली गार झाली. सासूबाई दुपारी चक्क घोरू लागल्या.

“काकू, गच्चीवर गवत आलंय, आता म्हैस बांधा!” शेजारची कोल्हीणवहिनी फिदीफिदी हसली.

हसणं परवडलं, पण नोटीस आली. गच्चीखात्याचे गेंडेसाहेब म्हणाले, “आठ दिवसांत खरवडा. नाहीतर आम्ही खरवडू.”

काकूंनी ती नोटीस उचलली. त्या कचेरीत गेल्या.

“साहेब, ऊन माती झेलते. गवत पाणी पितं, वाफ सोडतं, त्याने गारवा येतो. सासूबाईंना बरं वाटतंय हो.”

“बाई, तुम्ही इंजिनियर आहात?”

“नाही.”

“मग कसं कळलं?”

“वरच्या खोलीत बसून.”

“ते चालत नाही,” म्हणत साहेबांनी शिक्का उचलला. काकूंना त्यांच्या बोटांतल्या चार अंगठ्या दिसल्या. मनगटाला गंडा होता. दारावर लिंबूमिरची होती.

काकूंनी मनातल्या मनात हात जोडले. “साहेब, ते माझं व्रत आहे. मोडलं तर कोप होतो.”

शिक्का हवेतच राहिला. “कोणाचा?”

“सूर्यनारायणाचा. सरळ डोक्यावर येतो.”

यात काकू खोटं काय बोलल्या, सांगा बरं?

“आधी नाही का सांगायचं!” साहेबांना दरदरून घाम फुटला. “नियम काय आहेत व्रताचे?”

काकूंनी सांगितले. ताडपत्री, पाण्याची वाट, वीतभर माती, रोज पाणी. साहेबांनी ते नोटिशीच्या पाठीवरच उतरवून घेतले.

रविवारी गेंडेवहिनींनी वसा घेतला. मग कोल्हीणवहिनीने, “आमचं गवत जास्त हिरवं” म्हणत. पुढे वाघानेही. हळूहळू गल्लीत गार वारं खेळू लागलं. एसी बंद झाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सोळा रविवार झाले. सगळे काकूंच्या दारात जमले. कोल्हीणवहिनीच्या हातात फावडं होतं.

“काकू, उद्यापन कधी? पुरणाचं जेवण घालू, गवत विसर्जन करू आणि मोकळे होऊ!”

काकूंनी फावड्याकडे पाहिलं. सोळा आठवड्यांचा गारवा पुरणपोळीसाठी जाणार!

“या व्रताला उद्यापन नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“असं कुठे असतं का?”

“ज्याने गवत काढलं, त्याच्यावर त्याच दुपारी कोप होतो.”

सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. पावसाने ओढ दिली होती, ऊन मी म्हणत होतं. गेंडेसाहेबांनी कोल्हीणवहिनीच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि पाण्याचा तांब्या दिला.

तात्पर्य: बाळांनो, नेहमी खरं बोलावं. कुणी ऐकलं नाही, तर त्याच खऱ्याला हळदकुंकू वाहून पुन्हा बोलावं. उद्यापनाचं मात्र नावही काढू नये.